छताची धग

पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या चौकात हवामान खात्याचे कार्यालय आहे, त्याला लोक अजूनही सिमला ऑफिस चौक म्हणतात. १९२८ मध्ये हे खाते सिमल्याहून पुण्याला आले, ती आठवण नावात राहिली आहे. कुठल्याही वेधशाळेच्या आवारात एक पांढरी लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. तिच्या चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या असतात, त्याही दुहेरी. वारा त्यांतून आरपार जातो, पण ऊन आत शिरत नाही आणि तापलेल्या जमिनीची धगही आत पोचत नाही. आत छातीच्या उंचीवर तापमापक टांगलेला असतो. दीपगृहे बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने १८६० च्या दशकात ही पेटी योजली. हेतू एकच होता, की तापमापकाला फक्त हवा लागावी, दुसरे काही नाही. 'आज पारा ४२ वर' ही बातमी अशा पेटीतून येते. हवामानाच्या अभ्यासाला ती अगदी योग्य आहे, कारण तिच्यामुळे गावोगावचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. पण त्या पेटीत कोणी राहत नाही. माणूस राहतो तो तापलेल्या छताखाली आणि तापलेल्या भिंतींमध्ये, आणि पेटीने मुद्दाम बाहेर ठेवलेली उष्णताच त्याच्या अंगावर येत असते. महाराष्ट्रातल्या घरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका गोष्टीच्या अंगाने वाचायला हवा असे मला वाटते. आपण हवेचा विचार करत गेलो आणि छताचा विचार सोडून दिला. आजच्या विजेच्या बिलात त्या विस्मरणाचा मोठा वाटा आहे.

मराठीत उष्णतेला शब्दांची कमतरता नाही, आणि ते एकाच अर्थाचेही नाहीत. उकाडा म्हणजे हवा कोंडलेली, दमट, घाम न वाळणारी. झळ वाऱ्याबरोबर येते. धग मात्र वाऱ्याशिवाय येते. चुलीपासून चार हातांवर बसले तरी तोंडाला लागते ती धग. मधे कोणी येऊन उभे राहिले की ती थांबते आणि बाजूला झाले की पुन्हा लागते. भौतिकशास्त्र ज्याला उष्णतेचे प्रारण म्हणते ते हेच. विल्यम हर्शेलने १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना काही दिसत नाही अशा जागी, तापमापक चढताना पाहिला. पुढे १८७९ मध्ये योझेफ स्टेफानने नियम मांडला, की वस्तू जी धग टाकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ती वस्तू लालबुंद असण्याची गरज नाही. ४५ अंशांची स्लॅबही धग टाकते, ३५ अंशांची आपली कातडीही टाकते, आणि ज्याची जास्त त्याच्याकडून दुसऱ्याकडे उष्णता वाहते. समोरासमोरच्या एका चौरस मीटरमागे हिशेब केला तर ४५ अंशांचे छत ३५ अंशांच्या अंगाला सुमारे ७० वॅट देते. छत ६० अंशांवर गेले, म्हणजे भर दुपारच्या गंजक्या पत्र्याइतके, तर हाच आकडा १८० च्या पुढे जातो. छत ३३ अंशांवर असेल तर प्रवाह उलटतो आणि अंगच थोडी उष्णता छताला देते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते आणि ती त्याला कुठेतरी टाकावी लागते. समशीतोष्ण खोलीत तिच्यातली निम्म्याच्या आसपास तो भोवतालच्या भिंती-छतांकडे प्रारणानेच टाकतो. डोक्यावरचे छत तापले की हा मार्ग आखडतो, आणि मग सगळा भार घामावर येतो.

भिंती सोडून छतावर एवढा भर का, याचे उत्तर आपल्या अक्षांशात आहे. हल्ली वर्तमानपत्रे 'शून्य सावली दिवस' आवर्जून छापतात. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत महिन्याच्या मध्यावर, नागपुरात शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यांत कडक उन्हाळा आणि सूर्य माथ्यावर असण्याचे दिवस एकच. त्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही; पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची संध्याकाळी. छत मात्र सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ऊन घेत राहते, आणि मध्यान्हीला प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅटच्या वर घेते. युरोपातल्या घरबांधणीच्या पुस्तकांत भिंत आणि खिडकी यांना जे महत्त्व आहे, ते इथे छताला द्यायला हवे होते. पूर्वी ते दिलेही जात होते.

मराठवाडा, सोलापूर, खानदेश इथले जुने घर घ्या. कुठे त्याला धाबे म्हणतात, कुठे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. ही माती शेतातली नसे. काळी म्हणजे शेती आणि पांढर म्हणजे गावठाण हा भेद आपल्या भाषेत मुरलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहून गेलेल्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची, पडक्या गढीची ही माती बारीक आणि खारट असते, आणि धोपटली की पाणी धरते. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी तिचा नवा हात द्यायचा, आधीचा थर काढायचा नाही. त्यामुळे वीतभराचे छत काही पिढ्यांत हातभराचे होई. उन्हाळ्याच्या दृष्टीने अशा छतात तीन गोष्टी एकत्र येतात. मातीचा रंग फिका, म्हणून उन्हाचा बराच भाग आल्या वाटेने परत जातो. थर जाड, म्हणून आत शिरलेली उष्णता फार सावकाश खाली उतरते. एक फूट कोरड्या मातीतून दुपारच्या उन्हाची लाट खालच्या बाजूला पोचायला नऊ-दहा तास लागतात, आणि पोचते तेव्हा तिचा जोर दहाव्या हिश्शाच्याही खाली गेलेला असतो. दुपारी दोनला माजघरात आडव्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी आदल्या रात्रीचे छत असते असे म्हटले तरी चालेल. तिसरी गोष्ट आकाशाची. कोरड्या हवेच्या प्रदेशात रात्रीचे निरभ्र आकाश, प्रारणाच्या हिशेबाने, हवेपेक्षा दहा-वीस अंशांनी थंड असते. सपाट धाबे रात्रभर त्याच्याकडे तोंड करून आपली उष्णता टाकत राहते आणि पहाटेपर्यंत निवते. लोकही अंथरुणे घेऊन धाब्यावर जात ते वाऱ्यासाठी तर खरेच, पण उघड्या आकाशाखाली झोपलेल्या अंगाची धगही वर निघून जाते. त्याच धाब्यावर, तितक्याच हवेत, पण पत्र्याच्या छपरीखाली झोपले तर तसे होत नाही.

कोकणातली गोष्ट वेगळी. तिथे पाऊस एवढा की मातीचे छत एका मृगात वाहून जाईल, आणि हवा इतकी दमट की रात्रीचे आकाशही फारसे थंड नसते. बाष्पच धग परत खाली पाठवते. म्हणून उतरती पाखी, आधी गवताची किंवा झापांची, मग कुंभाराच्या नळीच्या कौलांची. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला, आणि तिथली सपाट, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौले किनाऱ्याने वर सरकत गोवा, रत्नागिरी, मुंबईपर्यंत आली. कौल पातळ असते, उन्हात लवकर तापते, आणि लाल रंगामुळे बरेच ऊन पिते. मग कौलारू घर थंड कसे? एक तर कौले तापतात तशी निवतातही लवकर, सूर्य कलला की अर्ध्या-पाऊण तासात. त्यांच्या फटींतून तापलेली हवा निसटत राहते. पण माझ्या मते खरी किमया माळ्याची आहे. जुन्या कोकणी घरात माजघराच्या डोक्यावर थेट कौले नसतात. मधे फळ्यांचा माळा असतो, त्यावर नारळ, बेगमीचे जिन्नस, जुनी भांडी. कौलांची धग माळ्याच्या फळ्यांवर पडते, माणसांवर नाही. प्रारणाचे गणित इथे सरळ आहे: दोन पृष्ठभागांच्या मधे सारख्याच गुणाचा एक पडदा धरला की त्यांच्यातली धग निम्म्यावर येते, दोन पडदे धरले की तिसऱ्या हिश्शावर. पडद्याला जाडी लागत नाही, वजन लागत नाही. त्याने फक्त मधे असायला हवे. इंग्रजांच्या बंगल्यांत कौलांखाली पांढरे जाड कापड ताणून बसवत, वैशाखातल्या लग्नाला दारात मांडव घालतात, तिथेही काम हेच होते. माळा कोणी धगेसाठी बांधला नाही, साठवणीसाठी बांधला. पण काम त्याने दोन्ही केले.

इथे आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. जुन्या लोकांना स्टेफानचा नियम ठाऊक नव्हता. माती वापरली कारण तीच फुकट होती, आणि पांढरी निवडली ती पाणी धरते म्हणून, ऊन परतवते म्हणून नव्हे. मग यात शहाणपण कसले? मला वाटते, जाणतेपणाचे श्रेय त्यांना द्यायची गरजही नाही. एखादी रीत टिकते ती अनेक कारणांच्या बेरजेवर, आणि त्यांतली काही कारणे ती पाळणाऱ्यांना सांगताही येत नाहीत. मात्र याच्याच पोटात एक धोका होता. ज्या गोष्टीचा लाभ कळलेला नाही, ती सोडताना काय हरवले हेही कळत नाही. पाणी धरायचे काम सिमेंट अधिक चांगले करते, साठवणीचे काम कपाट करते. माती गेली आणि माळा गेला, तेव्हा दोघांचे न बोललेले काम कोणाच्याच यादीत नव्हते.

यादीत काय होते ते तेव्हाच्या कागदपत्रांत दिसते: हवा आणि उजेड. एकोणिसाव्या शतकात रोगाचे मूळ दूषित हवेत आहे असा समज प्रबळ होता. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्यामागे अपार कष्ट घेतले होते. बराकीत माणशी किती घनफूट हवा हा त्या काळातला कळीचा आकडा. मग १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावे म्हणून छपरांची कौले उतरवण्यापर्यंत मजल गेली. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांचा उजेड आणि हवा यांवर तळमळीने मांडणी केली. खिडकीसमोर किती मोकळी जागा सोडावी हे ठरवायला ६३½ अंशांच्या कोनाचा नियम आला. या माणसांबद्दल मला आदर आहे. क्षय आणि प्लेगने माणसे मरत असताना त्यांनी खिडकीसाठी भांडण केले, आणि त्या भांडणाने जीव वाचवले. पण नियम एकदा ज्या मापात लिहिला जातो, त्याच मापात पुढची शंभर वर्षे घरे बांधली जातात. खोलीची उंची, खिडकीचे क्षेत्रफळ, दोन इमारतींमधले अंतर, सगळे हवेच्या आणि उजेडाच्या मापात. छताची खालची बाजू मेच्या संध्याकाळी किती तापलेली असावी, हा प्रश्न त्या चौकटीत बसतच नव्हता.

त्याच सुमारास सिमेंट आले. पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मध्ये देशी सिमेंट निघू लागले. १९२० च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड इथे सरकारने बीडीडी चाळी उभ्या केल्या त्या काँक्रीटच्या, आणि १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर श्रीमंतांची घरेही काँक्रीटची. तिथून स्लॅब तालुक्याच्या गावी आणि मग खेड्यात पोचायला चार-पाच दशके गेली. स्लॅबचे घर हा प्रतिष्ठेचा शब्द झाला, आणि त्याला कारणे होती. स्लॅब गळत नाही, निदान पहिली काही वर्षे, जळत नाही, उंदीर-विंचवांना आसरा देत नाही, चोर कौले काढून आत उतरत नाही, दर वर्षीची शाकारणी नाही, आणि पुढे-मागे वर मजला चढवता येतो. एवढ्या फायद्यांपुढे धगेचा तोटा कोणी मोजला नाही यात नवल नाही. पण तोटा आहे, आणि त्याची वेळ फार वाईट आहे. पाच इंचांची स्लॅब दुपारचे ऊन तीन-चार तासांनी खाली पोचवते, आणि लाटेचा जोर मातीच्या छतात उतरतो तसा इथे उतरत नाही. साधारण चाळीस टक्के तरी उरतो. म्हणजे दुपारी दोनला खालून हात लावला तर छत बरे वाटते, आणि संध्याकाळी पाच-सहाला, पोरे शाळेतून आणि माणसे कामावरून परतलेली असताना, घरातली सगळ्यांत गरम वस्तू छत असते. बाहेर वारा सुटलेला, पारा उतरलेला, आणि आत खोली तापतच चाललेली. मातीच्या छताची लाट मध्यरात्रीला पोचे, तीही विझत आलेली, आणि तोवर घर धाब्यावर झोपायला गेलेले असे. स्लॅबच्या घरातली माणसेही पूर्वी गच्चीवर झोपत. मग डास, मोबाइलचे मनोरे, शेजारच्या उंच इमारती आणि कुलूपबंद गच्च्या यांनी तो मार्गही बंद केला.

धाब्याची बाजू मांडणाऱ्याला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता. माणसे मेली ती गोट्यांच्या कच्च्या बांधणीच्या भिंती फाकल्या आणि वरची टनावारी माती अंगावर आली म्हणून. दर वर्षी दिलेला मातीचा नवा हात, ज्याने घर थंड ठेवले, त्यानेच त्याला मारेकरी केले. त्यानंतर त्या भागात माळवद बांधायला कोणी धजले नाही, आणि धजूही नये. या मुद्द्यावर मी धाब्याची बाजू पूर्ण सोडतो. मात्र किल्लारीने वजनाविरुद्ध निकाल दिला, गारव्याविरुद्ध नव्हे. माळ्याच्या फळीने आणि बंगल्यातल्या कापडाने दाखवून दिले आहे की धग अडवायला वजन लागत नाही. फिका रंग आणि मधला पडदा या दोन गोष्टी भूकंपात कोणाचा जीव घेत नाहीत. पुनर्वसनात आणि नंतरच्या घरकुलांत त्या स्लॅबबरोबर आल्या असत्या तर खर्चात फार फरक पडला नसता. आपण माती काढली आणि तिच्या जागी धगेविरुद्ध काहीच ठेवले नाही, माझी तक्रार एवढीच आहे.

गरिबाला मात्र स्लॅबही परवडत नाही. त्याला पत्रा मिळतो. पत्र्याचे एक वैशिष्ट्य आहे जे फार थोड्या लोकांना माहीत असते. नवा कोरा जस्ती पत्रा उन्हात खूप तापतो, पण त्याची खालची चकचकीत बाजू त्या मानाने कमी धग टाकते, कारण चकाकणारा धातू प्रारणात कंजूष असतो. त्याच तापमानाला काळा पडलेला पृष्ठभाग जेवढे टाकतो त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. चुलीचा धूर, गंज आणि धूळ बसून तो मळकट झाला की हा कंजूषपणा जातो आणि पत्रा पुरती धग ओकू लागतो. म्हणून घर नीटनेटके दिसावे या हौसेने कोणी पत्र्याला आतून ऑइल पेंट लावला, तर खोली अधिक तापते, मग रंग पांढरा असला तरी. पांढरेपणाचा उपयोग वरच्या बाजूला, उन्हासमोर. खालच्या बाजूच्या अदृश्य धगेला पांढरा काय नि काळा काय, सारखेच. पत्र्याखाली वीतभर अंतरावर साधी बांबूची चटई ताणली तरी ती माळ्याचे काम करते.

आता विजेकडे येऊ. पंखा, कूलर, एसी ही तिन्ही यंत्रे हवेवर काम करतात. पंखा ७०-७५ वॅटमध्ये घाम वाळवतो आणि ते मोठे काम आहे. पण तो छताची धग अडवत नाही, आणि हवा अंगापेक्षा गरम झाली की झळ अंगावर आणू लागतो. विदर्भातला वाळ्याचा किंवा लाकडी भुशाच्या जाळीचा कूलर कोरड्या मेमध्ये हवा झकास गार करतो, तरी वरची स्लॅब तापलेलीच राहते, म्हणून कूलर बंद केल्यावर दहा मिनिटांत खोली पूर्ववत होते. एसीचे डोळे तर फक्त हवेवर असतात. त्याचा तापमापक म्हणजे जणू खोलीत आणून ठेवलेली स्टीव्हन्सनची पेटी. हवा २६ अंशांवर आणि छत ४० वर असले की माणसाला २६ चे सुख मिळत नाही, तो रिमोट उचलून २२ करतो. १ जानेवारी २०२० पासून एसी मुळात २४ अंशांवर लावलेला यावा असा नियम झाला, आणि दर अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. नियम चांगला आहे. पण तो पाळणे माणसाच्या शिस्तीपेक्षा त्याच्या छतावर अधिक अवलंबून आहे. ढोबळ हिशेब पाहा: शेवटच्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, उघड्या स्लॅबमधून मेच्या संध्याकाळी सहा-सातशे वॅट उष्णता उतरते. खोलीत सहा-सात माणसे जास्तीची बसवल्यासारखे हे आहे, आणि एसी ती उष्णता रोज उपसून बाहेर टाकतो.

हे मोजायचे साधन नाही असेही नाही. एच. एम. व्हर्नन या इंग्रज संशोधकाने १९३० मध्ये सहा इंची पोकळ तांब्याचा गोळा घेतला, बाहेरून काळा केला आणि आत तापमापक घातला. स्टीव्हन्सनने धग बाहेर ठेवायला पेटी केली, व्हर्ननने धग पकडायला गोळा केला. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय माणसांवर अभ्यास करून १९८६ मध्ये उन्हाळी सुखाचा निर्देशांक मांडला. त्याचे सोपे रूप असे: ओल्या फडक्याच्या तापमापकाचा एक तृतीयांश आणि काळ्या गोळ्याच्या तापमापकाचा तीन चतुर्थांश घ्या, त्यांच्या बेरजेतून वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट वजा करा. सर्वांत मोठा वाटा गोळ्याचा, आणि साध्या हवेच्या तापमानाला त्यात स्वतंत्र जागाच नाही. मुंबई-कोकणात धगेपेक्षा दमटपणा जास्त छळतो असे कोणी म्हणेल तर ते बरोबर आहे, आणि हे सूत्र ओल्या फडक्याला जागा देऊन ते मान्यही करते. पण मुंबईतही पत्र्याखालच्या झोपडीत गोळाच वर असतो. आपल्याच देशातले, आपल्याच अंगांवर मोजलेले हे सूत्र घर बांधणाऱ्यांपर्यंत का पोचले नाही, याची मला खंत वाटते. घरांसाठीची ऊर्जा संहिता, इको निवास संहिता, २०१८ मध्ये आली. छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये असे तिने म्हटले. उघडी स्लॅब याच्या अडीच-तीनपट जाऊ देते. ऑर यांच्या ६३½ अंशांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी छताला आकडा मिळाला.

बारा मजली इमारतीत छत फक्त शेवटच्या मजल्याला, मग एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. तिथे प्रश्न पश्चिमेच्या भिंतीचा आणि काचेचा होतो हे खरे. पण महाराष्ट्र बारा मजली नाही. तालुक्याच्या गावातली बैठी घरे, घरकुले, वाड्या-वस्त्या, झोपडपट्ट्या या सगळ्यांत प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर स्वतःचे छत आहे. उपायही अवघड नाहीत. मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर पांढऱ्या फुटक्या फरश्यांचे चायना मोझॅक आहे ते बहुधा गळतीसाठी केलेले, पण ऊनही परतवते. अहमदाबादेने २०१७ मध्ये झोपडपट्ट्यांची छपरे पांढरी करायला घेतली. सर्वांत स्वस्त चुनाच. ताज्या चुन्याने स्लॅबची वरची बाजू भर दुपारी दहा-पंधरा अंशांनी कमी तापते. घरातल्या हवेत फरक दोन-तीन अंशांचाच दिसतो, म्हणून तापमापक घेऊन पाहणारा निराश होतो. छताखाली झोपणाऱ्याला मात्र फरक अधिक वाटतो, कारण त्याला छतही लागते. चुना टिकत नाही हा शेवटचा आक्षेप. तो धुळीने मळतो, पावसात शेवाळतो, दर वर्षी द्यावा लागतो. मातीचा हातही दर वर्षी द्यावा लागे आणि शाकारणीही दर वर्षी होई. वैशाखातले चार दिवस त्यासाठी राखलेले असत. चुन्याला एक दिवस पुरतो. तो फाल्गुनात द्यावा, होळीच्या आधी, ऊन उतरल्यावर, स्लॅब झाडून आणि ओली करून, डिंक घालून, दोन हात. चैत्र-वैशाख तो पांढरा राहतो, आणि मृगाच्या सरींत धुपू लागतो तेव्हा आकाश ढगांनी भरलेले असते.